वाचकांचे प्रश्न : निक्सन पडले ते नेमके कशामुळे?

अमेरिकेचे ३७ वे अध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि वॉटरगेट प्रकरण यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. वॉटरगेट ही वॉशिंग्टनमधली इमारत. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात १७ जून १९७२ ला पाच जण पकडले गेले, आणि धागा रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांच्या प्रचार समितीपर्यंत पोहोचला.

प्रश्न : वॉटरगेटच्या आधीचे निक्सन कोण होते? एका घोटाळ्यापुरतंच त्यांचं नाव कानावर आलं आहे.

उत्तर : जन्म ९ जानेवारी १९१३, कॅलिफोर्नियातलं योर्बा लिंडा. घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, परिस्थिती बेताची. ड्यूक विद्यापीठातून कायद्याची पदवी, युद्धकाळात नौदलात नोकरी, आणि १९४६ मध्ये प्रतिनिधीगृहात निवड. नाव झालं ते ॲल्जर हिस प्रकरणात. परराष्ट्र खात्यातल्या या माजी अधिकाऱ्यावर कम्युनिस्ट हेरगिरीचा आरोप झाला, तेव्हा चौकशी समितीतल्या निक्सन यांनी तो लावून धरला. १९५० मध्ये हिस खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले आणि त्याच वर्षी निक्सन सिनेटर झाले. त्या प्रचारात त्यांनी प्रतिस्पर्धी हेलन गहागन डग्लस यांच्यावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा शिक्का मारला. ‘ट्रिकी डिक’ (लबाड डिक, म्हणजे रिचर्ड) हे नाव त्यांना चिकटलं ते तिथे.

१९५२ मध्ये ते आयझेनहॉवर यांच्यासोबत उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. सुमारे १८,००० डॉलरच्या खासगी निधीवरून उमेदवारी जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी थेट टीव्हीवरून घरचा हिशेब मांडला. मुलींना भेट मिळालेला ‘चेकर्स’ नावाचा कुत्रा मात्र परत करणार नाही, असंही सांगितलं. उमेदवारी टिकली. १९६० मध्ये केनेडींकडून ते साधारण १ लाख १३ हजार मतांनी हरले. एकूण मतदान ६ कोटी ८० लाखांवर होतं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपदही हुकलं. सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं असताना १९६८ मध्ये ते अध्यक्ष झाले.

कारकीर्द वजनदार होती, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हवं. फेब्रुवारी १९७२ मधला चीन दौरा, मे १९७२ मधला मॉस्कोचा शस्त्रमर्यादा करार, १९७० मध्ये स्थापन झालेली पर्यावरण संरक्षण संस्था, ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडणं, हे सगळं त्यांच्याच काळातलं. कंबोडियावरची गुप्त बॉम्बफेकही त्यांच्याच काळातली.

प्रश्न : १९७२ ची निवडणूक त्यांनी ५० पैकी ४९ राज्यं घेऊन जिंकली. मग विरोधी पक्षाच्या कार्यालयात माणसं घुसवायची गरजच काय होती?

उत्तर : इथे तारखांकडे पाहावं लागतं. विजय नोव्हेंबर १९७२ चा, बेत जानेवारी १९७२ चा. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडून सिनेटर एडमंड मस्की पुढे येतील असं दिसत होतं आणि ते निक्सन यांना तोडीस तोड होते. जॉर्ज मॅकगव्हर्न उमेदवार होतील आणि पार झोपतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

२७ जानेवारी १९७२ रोजी प्रचार समितीचा वकील गॉर्डन लिडी याने हेरगिरी आणि घातपाताची १० लाख डॉलरची योजना मांडली. कुणापुढे, तर ॲटर्नी जनरल जॉन मिचेल यांच्यापुढे. देशाच्या कायदाप्रमुखाने त्याला तिथल्या तिथे बाहेर काढायला हवं होतं. त्याऐवजी आकडा कमी करून आणायला सांगितलं गेलं. ५ लाख झाले, मग अडीच लाख. अडीच लाखांना मिचेल यांनी मंजुरी दिली, असं प्रचार समितीचे जेब मॅग्रुडर यांनी शपथेवर सांगितलं. मिचेल यांनी ते कायम नाकारलं.

याचीही मुळं आधीची. जून १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद वृत्तपत्रांत आले. त्यानंतर व्हाइट हाऊसमध्ये गळती रोखणारं एक पथक उभं राहिलं. गळती बंद करणारे म्हणून त्यांना ‘प्लंबर’ म्हणत. कागद फोडणारे डॅनियल एल्सबर्ग यांची बदनामी करता यावी म्हणून सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं कार्यालय फोडण्यात आलं. ती चोरी घडवून आणणारे हॉवर्ड हंट आणि गॉर्डन लिडी हेच पुढे वॉटरगेटचे सूत्रधार. ही जोडी लक्षात ठेवा. नंतरची सगळी लपवाछपवी कळायला ती लागते.

प्रश्न : पाच चोर पकडले गेले, इथवर ठीक. पण धागा अध्यक्षांच्या प्रचार समितीपर्यंत कसा पोहोचला?

उत्तर : पैशांवरून.

आधी त्या रात्रीबद्दल. २८ मे १९७२ ला ही टोळी एकदा आत जाऊन फोनमध्ये यंत्रं बसवून आली होती. त्यांतलं एक नीट चालेना, म्हणून १७ जूनला पुन्हा जाणं झालं. जिन्याच्या दाराचं कुलूप लागू नये म्हणून खटक्यावर चिकटपट्टी लावली होती, आणि तीही आडवी, म्हणजे दार बंद असतानाही दोन्ही बाजूंनी दिसणारी. रखवालदार फ्रँक विल्स यांनी ती काढून टाकली. टोळीने परत लावली. दुसऱ्या फेरीत ती पुन्हा दिसल्यावर विल्स यांनी पोलिसांना फोन केला. आलेले पोलीस साध्या कपड्यांत आणि साध्या गाडीत होते, त्यामुळे समोरच्या मोटेलमधून पाहारा देणाऱ्याला ते वेळेत ओळखू आले नाहीत. पहाटे अडीचच्या सुमाराला सहाव्या मजल्यावर पाच जण सापडले. त्यांतले जेम्स मकॉर्ड हे प्रचार समितीचेच सुरक्षाप्रमुख होते.

त्यांच्याजवळ जवळपास २,३०० डॉलर होते. बहुतेक नोटा शंभराच्या आणि ओळीने क्रमांक असलेल्या. ओळीने क्रमांक म्हणजे नोटा एकाच बँकेतून एकगठ्ठा निघालेल्या. माग मायामीला, टोळीतल्या बर्नार्ड बार्करच्या खात्यावर पोहोचला. त्या खात्यात एकूण १ लाख १४ हजार डॉलर जमा झाले होते. त्यांत २५,००० चा एक चेक निक्सन यांच्या प्रचारासाठी निधी गोळा करणाऱ्या केनेथ डालबर्ग यांचा होता आणि मेक्सिकोतल्या बँकेचे चार चेक मिळून ८९,००० चे होते.

हा पैसा इतका फिरवून का आणला? ७ एप्रिल १९७२ पासून देणगीदारांची नावं जाहीर करण्याचा नवा कायदा लागू होणार होता. नाव उघड न करता द्यायचे पैसे त्याआधी आणण्याची धावपळ चालली होती. त्यांतलेच काही बार्करच्या खात्यातून वटवले गेले आणि चोरांच्या खिशात सापडले. शिवाय टोळीच्या पत्त्यांच्या वहीत हॉवर्ड हंटचं नाव होतं, शेजारी व्हाइट हाऊसची खूण. इतका ढिसाळपणा सीआयए या गुप्तहेर संस्थेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांनी केला, याचं आजही नवल वाटतं.

प्रश्न : निक्सन यांनी चोरीचा हुकूम दिला होता का? नसेल तर ते दोषी कसे?

उत्तर : वॉटरगेटमध्ये घुसण्याचा हुकूम त्यांनी दिल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. त्यांना भोवली ती नंतरची कृती, म्हणजे तपासात आणलेला अडथळा.

सहाव्या दिवशी, २३ जून १९७२ ला, सकाळी व्हाइट हाऊसचे प्रमुख अधिकारी एच. आर. हाल्डमन यांनी अध्यक्षांना सांगितलं की एफबीआय पैशांच्या मागावर आहे आणि मेक्सिकोच्या चेकांपर्यंत पोहोचते आहे. उपाय असा सुचवला, की सीआयएचे उपसंचालक व्हर्नन वॉल्टर्स यांनी एफबीआयचे प्रभारी प्रमुख पॅट्रिक ग्रे यांना ‘यात पडू नका’ म्हणून सांगावं. म्हणजे हा राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे, असा आव आणायचा. निक्सन यांनी होकार दिला. वॉल्टर्स त्याच दिवशी ग्रे यांना भेटले. तपास थोडा रेंगाळला. पण तपास थांबवायचा असेल तर लेखी द्या, असं एफबीआयने म्हटलं आणि सीआयए लेखी देईना. ६ जुलैपर्यंत हा डाव मोडला होता. टिकला तो जेमतेम दोन आठवडे, आणि त्यानेच अध्यक्षपद घालवलं.

दुसरा भाग गप्प बसण्याच्या पैशांचा. अटकेतल्या माणसांना आणि त्यांच्या वकिलांना गुपचूप ४ लाख डॉलरहून जास्त रोख रक्कम पोहोचवली गेली. २१ मार्च १९७३ ला सल्लागार जॉन डीन यांनी निक्सन यांना सांगितलं की अध्यक्षपदाला कॅन्सर झाला आहे, हंट आणखी पैसे मागतो आहे, सगळं निस्तरायला १० लाख लागतील. तेवढे रोख मिळवता येतील, असं निक्सन म्हणाले. त्याच रात्री हंटच्या वकिलाकडे ७५,००० डॉलर पोहोचले.

आता ती जोडी आठवा. हंट तोंड उघडेल ही भीती एकट्या वॉटरगेटपुरती नव्हती. तो बोलला असता तर मानसोपचारतज्ज्ञाकडची चोरी बाहेर आली असती, आणि ते पथक तर थेट व्हाइट हाऊसचं होतं. पाच चोरांना प्रचार समितीच्या माथी मारून मोकळं होणं निक्सन यांना का जमलं नाही, याचं आमच्या मते सर्वांत पटणारं कारण हेच आहे.

प्रश्न : मग हे सगळं फुटलं कुठे?

उत्तर : न्यायालयात. जानेवारी १९७३ मध्ये सात आरोपींपैकी पाच जणांनी गुन्हा कबूल केला आणि उरलेले दोघे दोषी ठरले. प्रकरण तिथेच मिटलं असतं. न्यायाधीश जॉन सिरिका यांना मात्र संपूर्ण सत्य पुढे आलं नाही अशी खात्री होती. त्यांनी गुन्हा कबूल करणाऱ्यांना आधी ३५-४० वर्षांच्या तात्पुरत्या शिक्षा ऐकवल्या आणि चौकशीला सहकार्य केलंत तर विचार करू, असं सुचवलं. शिक्षेचा धाक दाखवून माहिती काढणं कायद्याच्या अभ्यासकांना तेव्हाही खटकलं, आणि ते खटकायलाच हवं. पण त्याच दिवशी, २३ मार्चला, मकॉर्ड यांचं पत्र भर कोर्टात वाचलं गेलं : आरोपींवर दबाव होता, साक्षी खोट्या दिल्या गेल्या, आणखी माणसं यात आहेत. त्यानंतर डीन सरकारी वकिलांकडे गेले. ३० एप्रिलला हाल्डमन, अध्यक्षांचे सल्लागार जॉन अर्लिकमन आणि मिचेल यांच्यानंतर आलेले ॲटर्नी जनरल यांचे राजीनामे झाले, डीन यांना काढण्यात आलं.

प्रश्न : स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच टेप करून कुणी ठेवतं का? आणि ठेवला तर जाळला का नाही?

उत्तर : यंत्रणा फेब्रुवारी १९७१ मध्ये बसवली. हेतू इतिहासासाठी नोंद राहावी आणि भेटून गेलेल्यांनी नंतर शब्द फिरवू नयेत, हा. पूर्वीच्या अध्यक्षांची यंत्रं बटण दाबून चालायची. निक्सन यांच्या कार्यालयातलं यंत्र आवाज होताच आपोआप सुरू व्हायचं. टेबलात पाच मायक्रोफोन, शेकोटीच्या बाजूला दोन. बटणच नसल्यामुळे आपण रेकॉर्ड होतो आहोत याचा विसर पडायचा. दोन वर्षांहून थोड्या जास्त काळात सुमारे ३,७०० तासांचं ध्वनिमुद्रण जमलं. हे ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

१६ जुलै १९७३ ला व्हाइट हाऊसचे माजी अधिकारी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे ही गोष्ट उघड केली. निक्सन तेव्हा न्यूमोनियाने रुग्णालयात होते. टेप नष्ट करायच्या तर त्या आठवड्यात. २३ जुलैला समिती आणि विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स या दोघांनी समन्स काढलं, आणि त्यानंतर टेप जाळणं हाच स्वतंत्र गुन्हा झाला असता. सल्लागारांत एकमत नव्हतं. शिवाय डीनला खोटं पाडायला टेप उपयोगी पडतील आणि अध्यक्षांच्या गोपनीयतेच्या अधिकाराखाली त्या मागता येणार नाहीत, असा निक्सन यांचा कयास होता. दोन्ही अंदाज चुकले.

कॉक्स टेप मागायचं थांबवेनात, म्हणून २० ऑक्टोबरला निक्सन यांनी त्यांना काढायला सांगितलं. ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्याखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडलं. तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्सना काढलं. लोकांच्या तारांचा पाऊस पडला आणि महाभियोगाची भाषा त्या शनिवारपासून गांभीर्याने सुरू झाली.

प्रश्न : एका टेपमधली साडेअठरा मिनिटांची रिकामी जागा कुणी केली?

उत्तर : हे सिद्ध झालं नाही. ती टेप २० जून १९७२ ची, अटकेनंतर तीन दिवसांची. निक्सन आणि हाल्डमन यांचं बोलणं. ते वॉटरगेटबद्दल होतं, हे हाल्डमन यांच्या टिपणांवरून कळतं. फोन घेताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं असेल, असं सचिव रोझ मेरी वुड्स यांनी सांगितलं, पण तेही जेमतेम पाच मिनिटांपुरतं. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी टेप तपासली. यंत्राची कळ निदान पाच वेळा स्वतंत्रपणे हाताने दाबल्याशिवाय ती जागा तशी पुसली जाणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये दिला.

प्रश्न : निक्सन यांच्यावर महाभियोग झाला होता, असं अनेक ठिकाणी वाचलं. खरं आहे?

उत्तर : नाही. चूक नेहमीची आहे, म्हणून टप्पे सांगतो. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोपाची कलमं मंजूर करतं, याला महाभियोग म्हणतात. मग सिनेटमध्ये खटला चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. १०० पैकी ६७. वाचायचं तर अध्यक्षांच्या बाजूला ३४ हवीत.

निक्सन यांचं प्रकरण पहिल्या टप्प्याच्या उंबरठ्यावर थांबलं. ६ फेब्रुवारी १९७४ ला सभागृहाने ४१० विरुद्ध ४ मतांनी न्यायविधी समितीला चौकशीचे अधिकार दिले. समितीत ३८ सदस्य होते, २१ डेमोक्रॅट आणि १७ रिपब्लिकन. जुलैअखेर तीन कलमं मंजूर झाली : न्यायात अडथळा (२७-११), अधिकारांचा गैरवापर (२८-१०), समन्स धुडकावणं (२१-१७). कंबोडियाची बॉम्बफेक आणि आयकर यांवरची दोन कलमं २६-१२ अशी पडली. पहिल्या कलमावर सहा आणि दुसऱ्यावर सात रिपब्लिकन अध्यक्षांच्या विरोधात गेले. ज्यांच्या मतदारसंघांत निक्सन यांना भरभरून मतं पडली होती अशा लोकांनी ते केलं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

त्याच आठवड्यात, २४ जुलैला, टेप द्याव्याच लागतील असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८-० असा दिला. आठपैकी तीन न्यायमूर्ती निक्सन यांनीच नेमलेले होते, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर त्यांतलेच. ५ ऑगस्टला २३ जूनच्या त्या सकाळची टेप जाहीर झाली. समितीत निक्सन यांच्या बाजूने मत दिलेल्या सगळ्या रिपब्लिकनांनी, आता आपणही विरोधात जाऊ, असं सांगितलं. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते भेटून गेले : ३४ च्या जवळपासही मतं नाहीत. ८ तारखेला भाषण, ९ ऑगस्टला दुपारी बाराला राजीनामा लागू. राजीनाम्याचं पत्र एका वाक्याचं.

प्रश्न : वृत्तपत्राने अध्यक्ष पाडला, असं म्हणतात ते?

उत्तर : अर्धं खरं. १९७२ च्या उन्हाळ्यापासून निवडणुकीपर्यंत बहुतेक माध्यमांनी याला किरकोळ चोरी म्हणून सोडून दिलं, तेव्हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी विषय जिवंत ठेवला. त्यांचा गुप्त खबऱ्या एफबीआयचे मार्क फेल्ट होते, हे २००५ मध्ये उघड झालं. पण पद घालवणारा पुरावा एफबीआय, सिरिकांचं कोर्ट, सिनेट समिती आणि विशेष सरकारी वकील यांनी गोळा केला.

प्रश्न : १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या भूमिकेचा या पतनाशी संबंध आहे का?

उत्तर : महाभियोगाच्या कलमांत त्याचा उल्लेख नाही. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिल १९७१ मध्ये कत्तलीवरच्या मौनाचा निषेध करणारी तार पाठवली, तरी निक्सन पाकिस्तानच्या बाजूने राहिले. चीनशी संधान याह्याखान यांच्यामार्फत जुळत होतं. डिसेंबरमध्ये ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. याची किंमत त्यांना कधी मोजावी लागली नाही, आणि आमच्या लेखी ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी सुटका आहे.

एक आडवा धागा मात्र आहे. पाकिस्तानकडचा हा कल उघड करणारी बैठकांची टिपणं स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी छापली, तेव्हा गळती शोधायला तेच प्लंबर लागले. शोधता शोधता निघालं भलतंच : नौदलाचा एक कारकून व्हाइट हाऊसचे कागद चोरून सेनाप्रमुखांना पुरवत होता. निक्सन यांनी ते प्रकरण दाबून टाकलं.

प्रश्न : तुरुंगात का गेले नाहीत? पेन्शन मिळाली का?

उत्तर : ८ सप्टेंबर १९७४ ला जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात केलेल्या किंवा केलेल्या असू शकतील अशा सर्व संघराज्यीय गुन्ह्यांना ती लागू होती. खटला उभा राहण्याआधीच. फोर्ड मुळात निवडून आलेले उपाध्यक्षही नव्हते. करचुकवेगिरीच्या प्रकरणात स्पायरो ॲग्न्यू यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये पद सोडल्यावर त्यांची नेमणूक झाली होती. १९७६ ची निवडणूक फोर्ड हरले, त्यात या माफीचा वाटा होता. हाल्डमन, अर्लिकमन आणि मिचेल मात्र तिघेही तुरुंगात गेले. पेन्शन निक्सन यांना मिळाली. सिनेटने दोषी ठरवून काढलं असतं तर ती गेली असती. राजीनामा दिल्याने वाचली. वकिलीची सनद मात्र न्यूयॉर्कने १९७६ मध्ये काढून घेतली.

प्रश्न : या टेप आज ऐकता येतात का?

उत्तर : येतात, फुकट. १९७४ च्या कायद्याने त्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि आता योर्बा लिंडाच्या निक्सन ग्रंथालयाकडे आहेत. सुमारे ३,००० तासांचा भाग खुला आहे. राष्ट्रीय सुरक्षा आणि खासगी आयुष्याशी संबंधित भाग राखून ठेवला आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर टेपचा आणि संभाषणाचा क्रमांक टाकून शोधा. २३ जून १९७२ साठी ७४१-२, डीन यांच्या ‘कॅन्सर’च्या भेटीसाठी ८८६-८. टेप पातळ होती आणि अगदी कमी वेगाने चालवलेली, त्यामुळे आवाज खरखरीत आहे. कपबशीचा आवाज माणसाच्या शब्दावर चढतो. हेडफोन लावा आणि शब्दांकन समोर ठेवा, पण एकाच शब्दांकनावर विसंबू नका. १९७४ मध्ये व्हाइट हाऊसने छापलेल्या बाराशेहून जास्त पानांच्या प्रतीत आणि समितीने त्याच टेपवरून उतरवलेल्या प्रतीत बऱ्याच जागी फरक आहेत, आणि शंका आली की मूळ टेप तीन-चारदा मागे नेऊन ऐकणं हाच मार्ग आहे.